प्रकाशाचं डावं-उजवं : साखरेच्या नळीपासून सोन्याच्या पिळापर्यंत



आजच्या विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी दारातच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं इथे काय काम? कायरल नॅनोरचना, त्यांच्यावर होणारा प्रकाशाचा परिणाम, प्रकाश त्यांना लावतो तो जोर, हे सगळं पदार्थविज्ञानाच्या खात्यातलं. खरं आहे. समीकरणं आम्ही सोडवून दाखवणार नाही. आम्हाला ती येतही नाहीत. पण या विषयाचा निम्मा इतिहास आमच्या खात्यात मोडतो, आणि त्याचं एक टोक तर आमच्या घरातच आहे. तिथूनच सुरुवात करू.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर म्हणायचं. वडिलांचा दोन एकर ऊस असायचा. आम्ही जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला असताना एकदा गाडीबरोबर कारखान्यावर गेलो. गाडीतळावरून गव्हाणीपर्यंत पोचायला दोन रात्री लागल्या. त्या रिकाम्या वेळात ओळखीच्या एका माणसाने आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. तिथल्या केमिस्टने रस गाळून घेतला, लांब काचेच्या नळीत भरला, नळी एका यंत्रात ठेवली, पलीकडे पिवळा दिवा, अलीकडे भिंग. एक डोळा मिटून त्याने आत पाहिलं, चकती थोडी फिरवली, आणि वहीत आकडा लिहिला. वडिलांनी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, रसात साखर किती ते बघतोय. चाखून नाही, आटवून नाही, नुसता उजेड आरपार सोडून! बाहेर आल्यावर वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उजेडाला काय कळतीय गोडी?"

प्रश्न अडाणी वाटतो. तो तसा नाही. त्याचं नीट उत्तर द्यायला युरोपातल्या भल्याभल्यांना शंभर वर्षं लागली, आणि त्या उत्तराचं शेपूट आज पाषाणच्या प्रयोगशाळांपर्यंत आलेलं आहे.

थोडक्यात उत्तर असं, की उजेडाला गोडी कळत नाही. त्याला डावं-उजवं कळतं. मराठीत 'डावं-उजवं करणं' म्हणजे भेद करणं, कमी-जास्त ठरवणं. आम्ही तो वाक्प्रचार आज अगदी शब्दशः वापरणार आहोत.

डावं-उजवं म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात इमॅन्युएल कांटने १७६८ साली एका छोट्या निबंधात मांडला. तुमचा डावा हात आणि उजवा हात घ्या. बोटं तेवढीच, लांबी तेवढीच, बोटांमधली अंतरंही तीच. भाग मोजून, मापं घेऊन दोघांचं वर्णन लिहिलं तर ते एकसारखंच निघेल. तरी डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात चढत नाही. मग फरक आहे कुठे? सिद्धटेकच्या गणपतीची सोंड उजवीकडे वळलेली आहे, हे फोनवरून अशा माणसाला सांगून बघा ज्याला 'उजवं' हा शब्दच माहीत नाही. सांगता येत नाही. दाखवावं लागतं. आणि दाखवायला तुमच्याजवळ दुसरं काहीतरी डावं किंवा उजवं असावं लागतं: हात, शंख, स्क्रू, काहीही. कांटने यातून अवकाशाविषयी निष्कर्ष काढला, आणि पुढे त्याच उदाहरणावरून स्वतःच वेगळा निष्कर्ष काढला. त्यात आज शिरत नाही. आमच्या कामाची गोष्ट एवढीच, की हात ओळखायला हात लागतो.

जी वस्तू आपल्या आरशातल्या प्रतिमेवर कशीही फिरवली तरी बसत नाही, तिला लॉर्ड केल्विन यांनी १८९० च्या दशकात 'कायरल' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये हाताला जो शब्द आहे त्यावरून. हात, शंख, बोल्टचा आटा, दोरीचा पीळ हे कायरल. चेंडू, वाटी, पाट हे नव्हेत.

आता प्रकाश. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं हातात धरून वरखाली हलवा. उभी लाट जाईल. आडवं हलवलं तर आडवी. एकाच दिशेत हलणाऱ्या अशा लाटेला आपण ध्रुवित म्हणतो. आता तोच हात गोल फिरवा. दोरीतून पिळासारखी लाट जाते, आणि हात कोणत्या बाजूने फिरवला त्यावर तो पीळ डावा की उजवा ते ठरतं. प्रकाशही असा गोल फिरत जाऊ शकतो. म्हणजे प्रकाशाकडे हात आहे. कांटची अट पुरी झाली.

हे कळलं मात्र उलट्या क्रमाने. १८११ मध्ये आरागोने पॅरिसमध्ये पाहिलं, की गारगोटीच्या स्फटिकातून, म्हणजे क्वार्ट्झमधून, ध्रुवित प्रकाश गेला की त्याची दिशा वळते. स्फटिकाची रचनाच पिळाची असेल, म्हणून सोडून देता आलं असतं. पण १८१५ मध्ये बियोने तेच टर्पेंटाइनमध्ये आणि साखरेच्या पाण्यात पाहिलं. पाण्यात तर काही रचना नाही, रेणू कसेही लोळताहेत! म्हणजे पीळ रेणूच्या आतच असला पाहिजे. रेणू ही चीज तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती, ती आहे की नाही यावरच वाद होता. फ्रेनेलने १८२० च्या दशकात याचा उलगडा केला. सरळ ध्रुवित प्रकाश म्हणजे एक डावा पीळ आणि एक उजवा पीळ यांची बेरीज. साखरेतून जाताना एकाला किंचित उशीर होतो, म्हणून बेरजेची दिशा वळते. बस, एवढंच. आमच्या केमिस्टने चकती फिरवून मोजलं ते हे वळण.

आणि मग पाश्चर. इथे आम्ही जरा रेंगाळणार. १८४८ साल, पाश्चर पंचवीस वर्षांचा. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात जी टार्टरिक आम्लाची खळ बसते, ती प्रकाश वळवते. पण तसंच दुसरं एक आम्ल होतं, रासायनिक घटक तेच, प्रमाण तेच, आणि ते प्रकाश अजिबात वळवत नाही. मिट्शरलिख या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं, की दोघांच्या क्षारांचे स्फटिक हुबेहूब सारखे आहेत. पाश्चरने ते भिंगाखाली धरले. न वळवणाऱ्या क्षारात दोन तऱ्हेचे स्फटिक होते. कोपऱ्यावरचा एक बारीक पैलू काहींत उजवीकडे कलता, काहींत डावीकडे. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. तांदूळ निवडावेत तसे त्याने ते एकेक करून वेगळे केले, दोन ढीग लावले, दोन्ही पाण्यात विरघळवले. एकाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे.

बातमी बियोकडे गेली. बियो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा, साधारण आमच्याच वयाचा, आणि या वयातली माणसं तरुणांच्या शोधांवर चटकन विश्वास ठेवत नाहीत हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. त्याने पाश्चरला बोलावून घेतलं, आपल्याजवळचं आम्ल दिलं, आपल्यासमोर द्रावण करायला लावलं. स्फटिक निवडून झाल्यावर पुढचं त्याने स्वतः केलं. द्रावण त्याने केलं, वाचन त्याने घेतलं. वळण दिसलं तेव्हा म्हातारा हेलावला. आयुष्यभर ज्याने हे वळण मोजलं, त्याला त्याचं कारण एका पोराने हातावर ठेवलं होतं.

यात नशिबाचाही भाग होता. हे स्फटिक असे वेगवेगळे होतात ते साधारण २७ अंशांच्या खाली. त्याहून गरम असेल तर डावे-उजवे रेणू एकाच स्फटिकात बसतात आणि निवडायला काही उरतच नाही. पाश्चर चैत्रात पुण्यात असता तर हा शोध त्या दिवशी लागला नसता.

साखरेचा धंदा तोवर या नळीच्या मागे लागलेला होताच. आजचा नियम असा : २६ ग्रॅम शुद्ध साखर, १०० मिलीलीटर पाण्यात, २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत. पिवळ्या सोडियम प्रकाशात वळण साधारण ३४.६ अंश. त्याला शंभर धरायचं, आणि रसाचं वळण त्याच्या तुलनेत वाचायचं. कारखान्याच्या भाषेत याला 'पोल' म्हणतात. रसाचा पोल, चिपाडाचा पोल, मळीचा पोल, रोज, प्रत्येक पाळीला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या शेवटी सुरू झाला. तेव्हापासून सहकारी साखरेचं जेवढं राजकारण, अर्थकारण या राज्यात झालं, त्या सगळ्याच्या तळाशी ही नळी आहे. गाडगीळ आपल्या पुण्याचे, गोखले संस्थेचे. आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही पुण्यातच.

पैशांचा हिशेब सांगतो, म्हणजे नळीची किंमत कळेल. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३४० रुपये ठरवला, तो १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यावर दर ०.१ टक्का उताऱ्यामागे ३ रुपये ३२ पैसे. म्हणजे टनाला ३३ रुपये. उतारा म्हणजे शेवटी पोत्यात पडलेली साखर, आणि तो अख्ख्या कारखान्याचा काढतात, एकट्या शेतकऱ्याचा नाही. पण साखर वाटेत कुठे गेली, रसात किती होती, चिपाडात किती राहिली, मळीत किती वाहून गेली, हा माग काढायला पोलशिवाय सोपा उपाय नाही.

आणि इथेच वडिलांच्या शंकेत तथ्य होतं. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला की त्यातली साखर फुटते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. ग्लुकोज उजवीकडे थोडं वळवतं, फ्रुक्टोज डावीकडे त्याहून जास्त. त्यामुळे उजवीकडचं वळण उतरत जाऊन शेवटी डावीकडे जातं. या मिश्रणाला 'इन्व्हर्ट' म्हणतात ते यामुळेच, वळण उलटं झालं म्हणून. चव मात्र गोडच राहते. म्हणजे जीभ म्हणते गोड, नळी म्हणते साखर घटली. नळी खरी. पण त्याच शिळ्या उसात जंतू वाढले तर साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो, आणि तो प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतो. आता नळी फसते. साखर कमी झालेली असताना पोल फुगलेला दिसतो, आणि वहीतली साखर पोत्यात येत नाही. ताळेबंदात तो आकडा अनाकलनीय घट म्हणून बसतो. गाडीतळावर दोन रात्री थांबलेल्या उसाचं हे असं आहे. उजेडाला गोडी कळत नाही, पीळ कळतो. तो पीळ कोणाचा हे त्याला नळीतून सांगता येत नाही.

आता पिळाची गोष्ट साखरेतून बाहेर काढली ती एका भारतीयाने, आणि आम्हाला वाटतं नॅनोरचनांचा इतिहास खरं तर तिथे सुरू होतो. जगदीशचंद्र बोस, कलकत्ता, १८९८. बोस तेव्हा विद्युत लहरींवर काम करत होते. त्या दिसत नाहीत, पण जात प्रकाशाचीच. तरंगलांबी मात्र हजारो पटींनी मोठी, मिलिमीटर-सेंटिमीटरमधली. बोस यांनी विचार केला, की लहर एवढी मोठी असेल तर रेणूही मोठा करता येईल. त्यांनी ताग घेतला. बंगालात दुसरं काय घेणार? तागाच्या जुड्या पिळल्या, काही उजवीकडे, काही डावीकडे, आणि त्या लहरींच्या वाटेत ठेवल्या. लहरीची दिशा वळली. उजव्या पिळाने एकीकडे, डाव्याने दुसरीकडे. दोन्ही सारख्या संख्येने मिसळल्या तर वळण शून्य. हे आपण साखरेच्या द्रावणाच्या नकलेसाठी केलं, असं त्यांनी रॉयल सोसायटीच्या लेखात स्पष्टच म्हटलं आहे.

यात केवढी मोठी गोष्ट आहे बघा. तागाचं रसायन कोणतं याला काही महत्त्व उरलं नाही. आकार पिळाचा हवा, आणि तो लहरीच्या मापाशी जुळता हवा. बस. पुढच्या सव्वाशे वर्षांत तागाच्या जागी सोनं आलं आणि जुडीचा आकार लाखभर पटींनी लहान झाला, एवढाच काय तो फरक.

इथवर प्रकाश फक्त बघतो आहे. पण तो ढकलतोही. केप्लरने १६१९ मध्ये लिहिलं होतं, की धूमकेतूची शेपटी सूर्यापासून दूर जाते ती सूर्यप्रकाशाच्या रेट्याने. मॅक्सवेलने १८७३ मध्ये तो रेटा किती असेल ते सांगितलं, आणि लेबेदेवने मॉस्कोत १९०१ च्या सुमारास मोजला. किती आहे तो? भर दुपारचं ऊन एक एकर उसावर सरळ पडलं आणि सगळं शोषलं गेलं असं धरा. अख्ख्या एकरावर मिळून दाब दीड ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर साखरेचं वजन!

आणि पिळाच्या प्रकाशाला सरळ रेट्याबरोबर वळवण्याचाही गुण असतो. पॉइंटिंगने १९०९ मध्ये फिरत्या दांड्याचं उदाहरण घेऊन हे मांडलं, आणि परिणाम इतका बारीक, की तो मोजता येईल असं त्याला वाटत नव्हतं. १९३१ मध्ये आपल्याकडे रामन आणि भगवंतम् यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावरून फोटॉनला स्वतःची फिरकी असल्याचा प्रायोगिक पुरावा दिला. मग १९३६ मध्ये प्रिन्स्टनला बेथने क्वार्ट्झची चकती क्वार्ट्झच्याच बारीक धाग्याला निर्वात जागेत टांगली, तिच्यातून पिळाचा प्रकाश सोडला, आणि चकती वळली. नुसत्या उजेडाने!

या रेट्याला हत्यार बनवलं ते आर्थर अ‍ॅश्किन यांनी. १९७० मध्ये त्यांनी पाण्यातले बारीक मणी लेझरने ढकलून दाखवले, १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह एकाच लेझरच्या टोकाशी मणी अडकवून धरला. प्रकाशाचा चिमटा. नोबेल मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. त्यामुळे मंडळी, आम्ही अजून आशा सोडलेली नाही.

आता दोन धागे जोडू. प्रकाश ज्याला जास्त अडतो, जास्त शोषला जातो, त्याला तो जास्त ढकलतो. आणि १८९५ मध्ये कॉटन या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की काही द्रावणं डाव्या आणि उजव्या पिळाचा प्रकाश कमी-जास्त शोषतात. म्हणजे प्रकाशाचं बघणं जर डावं-उजवं करणारं असेल, तर त्याचं ढकलणंही डावं-उजवं करणारं असलंच पाहिजे. उजव्या पिळाचा प्रकाश उजव्या वस्तूला एका जोराने ढकलेल, डाव्या वस्तूला दुसऱ्या. मग पाश्चरने चिमट्याने जे केलं ते प्रकाशाच्या चिमट्याने का करू नये?

याची गरज किती आहे ते औषधाच्या कपाटात बघा. सर्दीला घेता ती सेटिरिझिनची गोळी १० मिलिग्रॅमची, आणि लिव्होसेटिरिझिनची ५. पहिलीत डावे-उजवे दोन्ही रेणू आहेत, दुसरीत कामाचा तेवढा एकच. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपीनचंही तसंच. आपल्या पुण्यातल्याच एमक्युअर कंपनीने त्याचं एका हाताचं रूप बाजारात आणलं, ५ च्या जागी अडीच मिलिग्रॅम. थॅलिडोमाइडची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगतात, की एक हात औषध, दुसरा विष, आणि वेगळे केले असते तर ती मुलं वाचली असती. ती गोष्ट अर्धीच खरी आहे. शरीरात गेल्यावर त्या औषधाचे दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे वेगळं करून भागलं नसतं.

अ‍ॅम्लोडिपीनचे हात वेगळे करायला रसायनशास्त्रज्ञ काय वापरतात माहीत आहे? टार्टरिक आम्ल. पाश्चरचंच. एका हाताचं आम्ल घालायचं, ते एका हाताच्या रेणूबरोबर चटकन घट्ट क्षार करतं, दुसऱ्याबरोबर नाही. हात ओळखायला हात. पण त्यासाठी प्रत्येक औषधाला साजेसा असा दुसरा पदार्थ शोधावा लागतो, मग तो काढून टाकावा लागतो. प्रकाश हा हात झाला तर मागे काही उरत नाही. दिवा बंद केला की संपलं. हे स्वप्न आहे.

अडचण कुठे येते ते आपल्या नळीतच दिसतं. २० सेंटिमीटरच्या नळीत पिवळ्या प्रकाशाच्या काही लाख लाटा मावतात, आणि तेवढ्या प्रवासात वळण फक्त ३४.६ अंश. म्हणजे एका लाटेमागे अंशाचा दहा हजारावा भाग. साखरेचा रेणू जेमतेम एका नॅनोमीटरचा, प्रकाशाची लाट पाच-सहाशे नॅनोमीटरची. हत्तीने दोऱ्याचा पीळ पायाने ओळखावा तसं हे. वळण नळी लांब करून साठवता येतं, जोर तसा साठवता येत नाही. तो त्या क्षणी, त्या रेणूवरच लागतो, आणि पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्याला जे धक्के मारतात त्यात हरवून जातो.

म्हणून बोस यांची युक्ती. लाट लहान करता येत नसेल तर पीळ मोठा करा. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला त्काचेंको आणि ब्रासेले यांनी द्रवस्फटिकाचे थेंब घेतले. त्यातले रेणू जिन्यासारखे एकावर एक वळत जातात, आणि त्या जिन्याचं माप प्रकाशाच्या लाटेएवढं असतं. असा थेंब एका पिळाचा प्रकाश आरशासारखा परत फेकतो, दुसऱ्याला जाऊ देतो. परत फेकलेला प्रकाश जोरात ढकलतो. त्यांनी डावे-उजवे थेंब प्रवाहात सोडले आणि प्रकाशाने ते दोन बाजूंना निवडून दाखवले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कॅमेरॉन, बार्नेट आणि याओ यांनी गणिताने दाखवलं, की प्रकाशाची तीव्रता सगळीकडे सारखी ठेवून फक्त त्याचा पीळ जागोजागी बदलता ठेवला, तर उजवे रेणू एकीकडे आणि डावे दुसरीकडे सरकावेत. ती सुंदर कल्पना आहे. कागदावरची.

मग सोनं. सोन्याच्या कणात इलेक्ट्रॉन मोकळे असतात, प्रकाश पडला की ते एकत्र हेलकावतात, म्हणून कणाच्या मानाने त्याची प्रकाशावरची पकड फार मोठी. आपल्या एनसीएलमध्ये मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे नॅनो-त्रिकोण बनवले होते. हो, आपण आल्याबरोबर उकळतो तोच गवती चहा! पण सपाट त्रिकोण कायरल नसतो; उलटा ठेवला की झाली आरशातली प्रतिमा. पीळ यायला तिसरी मिती लागते. २०१८ मध्ये सोलच्या की ते नाम यांच्या गटाने सोन्याचे कण वाढवताना त्यात सिस्टीन हे अमिनो आम्ल घातलं. उजव्या हाताचं घातलं तर कणाच्या पैलूंना एका बाजूचा पीळ पडला, डाव्या हाताचं घातलं तर दुसऱ्या. कण दीडशे नॅनोमीटरच्या पुढचा, हात ठरवणारा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान. रेणूने आपलं डावं-उजवेपण धातूला शिकवलं. आणि असा कण डाव्या-उजव्या प्रकाशात जो भेद करतो तो टक्क्यांत मोजण्याइतका मोठा. रेणूंच्या बाबतीत तो सहसा हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

एवढा भेद असेल तर जोरही मोजता येतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डला जेनिफर डिऑन यांच्या गटाने अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईचं टोकच पिळाचं केलं, ते प्रकाशाच्या नॅनो-चिमट्यावर आणलं, आणि एका पिळाच्या प्रकाशात टोक ओढलं जातं, दुसऱ्यात दूर लोटलं जातं हे मोजलं. जोर न्यूटनच्या लाखकोटीव्या भागाच्या घरातला. पण मोजला.

आता कोणी तुम्हाला सांगितलं, की प्रकाशाने औषधाचे रेणू निवडता येतात, तर विचारा : केवढे? थेंब, हो. दीडशे नॅनोमीटरचे कण, होऊ शकेल. गोळीतला रेणू, अजून नाही. आमचं मत विचाराल तर प्रकाश थेट रेणूला उचलून बाजूला ठेवेल असं आम्हाला वाटत नाही. मधे सोन्यासारखा कोणीतरी दुभाषी लागेल, ज्याला रेणूचीही भाषा येते आणि लाटेचीही.

आणखी एक खोडा आहे. जोर वाढवायला लेझर वाढवला की सोनं तापतं. पाणी हलू लागतं, त्यात तो बारीक फरक वाहून जातो. पाषाणला आयसर पुणे संस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांच्या प्रयोगशाळेने याच उष्णतेला कामाला लावलं आहे. चांदीची एक नॅनोतार, तिच्यावर लेझर. तारेच्या अंगाने इलेक्ट्रॉनांची लाट धावते, तार तापते, आणि त्या तापलेल्या भागाकडे पाण्यातले सूक्ष्म मणी ओढले जाऊन तिथे अडकतात, गोळा होतात. प्रकाशाच्या नुसत्या रेट्याला जे जमलं नसतं ते त्याच्या उबेने होतं. याच गटाने चांदीच्या एकाच तारेवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून, तो प्रकाश कोणत्या फिरकीचा होता हेही ओळखून दाखवलं आहे. म्हणजे इथे नळी उलटी झाली. कारखान्यात आपण प्रकाशाला विचारतो, की साखर किती. इथे तारेला विचारतात, की प्रकाश कोणत्या हाताचा.

वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं असतं, की मग आमचा ऊस दोन रात्री बाहेर का ठेवला? त्याला मात्र आमच्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे प्रश्न असतील तर घेऊ या. मागे चहा आलेला दिसतोय.